बिनठिपक्याच्या छिन्न्या

उस्तादांना उस्ताद हे नाव कुणी ठेवलं ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण ते त्यांच्या अंगाला चांगलं बसलं होतं. लोहारकाम आता संपलं असं कुणी म्हणालं की ते बोट धरून त्याला शेडच्या मागच्या भिंतीपाशी न्यायचे. तिथे गिरणीच्या पट्ट्याचे आकडे, क्रेनच्या साखळीच्या कड्या, भट्टीच्या दाराच्या बिजागऱ्या टांगलेल्या असायच्या. "हे कुठल्या दुकानात मिळतं ते सांग," ते म्हणायचे. "मशीन बंद पडलं की साहेबलोक कॅटलॉग बघतात, आणि मग माझ्याकडे येतात."

पण घर चालायचं ते छिन्न्यांवर. खाणीत दगड फोडायच्या ब्रेकरला पुढे जाडजूड पोलादी छिन्नी असते. ती बोथट झाली की पुन्हा तापवून, ठोकून टोक काढावं लागतं, आणि मग तिला पाणी द्यावं लागतं. ठोकायचं काम उस्तादांची सून करायची. नवरा लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर, घरी बसून करमेना, म्हणून ती एकदा शेडमध्ये आली आणि तिथलीच झाली. पॉवर हॅमरवर तिचा हात असा बसला होता की उस्ताद बाहेर सांगायचे, "पोरगा नाही उतरला, सून उतरली." पाणी मात्र ते स्वतःच द्यायचे.

लालभडक टोक पाण्यात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं. मग ते घासून उजळ करायचं आणि मागच्या अंगातली धग टोकाकडे सरकताना बघत राहायचं. आधी पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग जांभळी. जांभळ्याची निळी व्हायला लागली की लगेच पुन्हा पाण्यात. घाई केली तर टोक उडतं, उशीर केला तर मऊ पडून दगडावर चेपून बसतं. सगळा खेळ नजरेचा.

त्या दिवशी उस्तादांचे साडू आले होते. सगळा जन्म विमा कंपनीत काढलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. रोज जेवणानंतर उस्ताद आडवे व्हायचे. साडू आल्यापासून दोघे शेडमध्येच खुर्च्या टाकून गप्पा मारत होते. खाणीचा माल त्याच दुपारी द्यायचा होता. सून दोनदा येऊन म्हणाली, "बाबा, जरा पडा की." उस्ताद हलले नाहीत. शेवटी तिने त्यांच्यादेखतच, पाणी देऊन झालेल्या काही छिन्न्या उचलल्या आणि पुन्हा भट्टीत घालायला निघाली.

"अगं, अगं! काय करतेस?" उस्ताद उठले. "झालेलं काम जाळतेस?"

"जरा शंका आली, म्हणून."

"कुणाच्या कामाची शंका? माझ्या?"

तिने सांडशी उचलली. साडू हसून म्हणाले, "उस्ताद, तुमची परीक्षा चाललीय वाटतं!" एवढं पुरे झालं. उस्तादांचा आवाज शेजारच्या गॅरेजपर्यंत गेला. "ही भट्टी आहे, तुझा गॅस नाही, वर भांडं ठेवून विसरायला! चार ठोके मारता आले म्हणजे कारागीर होत नाही कुणी. त्याला रक्तात असावं लागतं."

सुनेने सांडशी खाली ठेवली. तिच्या कपाळावर काजळी होती आणि मान खाली होती. सकाळी उस्ताद चहाला गेले तेव्हा तिने निम्म्या छिन्न्या पुन्हा करून ठेवल्या होत्या, निम्म्या तशाच राहिल्या. उस्तादांनी सगळ्या टेम्पोत भरल्या आणि साडूंना म्हणाले, "चला, आपला माल कुठे जातो ते दाखवतो."

वाटेत ते खुशीत होते. खाणीचा मुकादम आपल्याला कसा मान देतो, बाजारातली तयार छिन्नी इथल्या काळ्या दगडापुढे कशी टिकत नाही, सगळं सांगून झालं.

मुकादम आत होता. ब्रेकरवाला नवा होता, उस्तादांना ओळखत नव्हता. त्याने टेम्पोचं फळकूट पाडलं आणि छिन्न्या उलटसुलट करून दोन ढीग लावायला लागला.

"काय निवडताय?" उस्तादांनी विचारलं.

"ठिपकेवाल्या घेतोय, काका. हे बघा, दांड्यावर पंचचा ठिपका आहे ना? त्या सुनेच्या हातच्या. बिनठिपक्याच्या म्हाताऱ्याच्या. त्या म्हणे दगडावर लागल्या लागल्या बसतात. मी लागल्यापासून तरी आल्या नव्हत्या, आज कशा आल्या कोण जाणे."

मुकादम लगबगीने येत होता. तो लांबूनच ओरडला, "ए, तोंड सांभाळ!" पण व्हायचं ते झालं होतं.

"लाव," उस्ताद म्हणाले. "बिनठिपक्याची लाव."

"राहू द्या हो, उस्ताद," मुकादम म्हणाला.

"लाव म्हणतो ना!"

ब्रेकरवाल्याने छिन्नी लावली. ब्रेकर धडधडला, दगडाची धूळ उडाली, आणि थोड्याच वेळात त्याने यंत्र बंद करून छिन्नी वर उचलली. टोक नव्हतंच. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं पसरलेलं काहीतरी होतं. मग त्याने न सांगताच ठिपकेवाली लावली. ती दगडात घुसली आणि दगड दुभंगला.

मुकादम खाली बघत म्हणाला, "सूनबाईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, मी पुन्हा पाणी देऊन पाठवते, पण बाबांना कळू देऊ नका. बरेच दिवस चाललंय हे."

उस्तादांना कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळल्या. आपण ज्याला मान समजत होतो ती दया होती. खाणीवरच्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं. ते आत यायचे तेव्हा सगळे "या उस्ताद" म्हणायचे, आणि ते छाती काढून चालायचे.

परतीच्या वाटेवर साडूंनी एकही विनोद केला नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

शेडपाशी आल्यावर उस्ताद टेम्पोतून उतरेनात. साडू आत निघून गेले. सून बाहेर आली, तिने मागे राहिलेला ढीग पाहिला आणि तिला सगळं समजलं.

उस्तादांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते चुकीचंच. "मला लोकांत हसं करून ठेवलंस. मला सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं होतं, बाबा. डोळे दाखवून या म्हणून. तुम्ही ताट सरकवून उठला होतात."

ते त्यांना आठवलं. ताट आठवलं, तिने उचललेली वाटी आठवली. ते स्टिअरिंगकडे बघत बसले. तिने मागचं फळकूट लावलं आणि बिनठिपक्याच्या छिन्न्या एकेक करून आत नेल्या. तिला हातभार लावायलाही ते उठू शकले नाहीत.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. "निळा रंग तुम्हाला मळकट दिसत असणार. तो यायचा आणि निघूनही जायचा, तुम्ही आपले वाट बघत बसायचात." उस्तादांना वाटलं, चला, दोष डोळ्यांचा निघाला. पण बाकावरून उठेपर्यंत तो दिलासाही विरला. डोळ्यांनी फक्त छिन्न्या बिघडवल्या होत्या. बोलली होती ती जीभ, आणि तिला काही झालेलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा शेडचा पत्रासुद्धा नवा वाटला. उस्तादांनी साडूंना फोन करून बोलावून घेतलं. साडू म्हणाले, "आता कशाला? मी विसरलो ते."

"तुम्ही विसरलात. तिच्या लक्षात असणार. जे तुमच्यासमोर बोललो ते तुमच्यासमोरच मागे घ्यायचंय."

साडू आले. उस्तादांनी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण सून समोर उभी राहिली आणि त्यातला शब्दही आठवेना. "त्या दिवशी मी... ते रक्ताबिक्ताचं... ते खोटं होतं," ते कसंबसं म्हणाले. "काम तुझं चांगलं होतं. माझं वाईट होतं. मला लाज वाटते, पोरी."

साडूंनी चष्मा काढून उगाच पुसला. सुनेने हाताची काजळी पुसली.

"मला लागलं होतं, बाबा," ती म्हणाली. "अजून लागतं. शेजारच्या गॅरेजवाल्यांनीही ऐकलं होतं."

"लागणारच."

उस्ताद उठले, चपला घातल्या, आणि शेजारच्या गॅरेजकडे चालू लागले.