गंगारामची चौथी कॉर्ड

मी जयगडच्या गंगाराम खलाशाची गिटार. बोलायला बसले की थोडं वाढवून सांगते, तेवढं तुम्ही वजा करत चला.

माझा जन्म कुठला असं कुणी विचारलं, तर बुडालेल्या गलबताच्या डोलकाठीतून मला कोरून काढलं असं मी सांगते. खरं म्हणजे मी प्लायवूडची. मनिलाच्या बाजारात छत्र्या आणि इस्त्र्यांच्या मधोमध टांगलेली होते. गंगाराम बोटीवरून उतरला होता तो छत्री घ्यायला. तेवढ्यात पाऊस थांबला, म्हणून त्याने मला घेतलं.

बोटीवरच्या आचाऱ्याने त्याला तीन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं मांडायच्या तीन तऱ्हा, शिकवल्या. जी, सी आणि डी. चौथी शिकवायच्या आत आचारी दुसऱ्या बोटीवर गेला आणि गंगारामचं शिक्षण तिथेच संपलं. पण या तिघींवर त्याने आरत्या रेटल्या, भजनं रेटली, वाडीतल्या कितीतरी हळदी रेटल्या. आरतीला टाळ आणि ढोलकी एवढी जोरात असायची, की कुठली कॉर्ड चाललीय ते समोर बसलेल्या गणपतीलाही कळलं नसेल. कुणी विचारलं, "गंगारामभाऊ, किती कॉर्ड येतात वो तुम्हाला?" तर हा शांतपणे म्हणायचा, "दीडशे. पण सगळ्या एकदम काढायच्या नसतात."

सहा वर्षांपूर्वी एका बंदरात बोट धक्क्याला बांधताना ताणलेला दोर सुटला आणि त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट, अंगठ्याशेजारचं, चिरडून गेला. हाड जुळलं, कातडी आली. जाणीव परत आली नाही. हे मला पहिल्याच दिवशी समजलं. पूर्वी ते बोट आपणहून तार शोधत यायचं. आता गंगाराम मान वाकवून बघायचा आणि होडी धक्क्याला लावावी तसं ते डोळ्यांनी तारेवर आणून लावायचा.

त्याने कुणाला सांगितलं नाही. बोटीवर कळलं तर घरी पाठवतील, घरी कळलं तर बोटीवर जाऊ देणार नाहीत. त्यामुळे माहीत फक्त मला, आणि मी बोलून कोण विश्वास ठेवणार?

दर खेपेआधी डॉक्टरी तपासणी असते. तिथे हा मला खांद्याला लावूनच जायचा. डॉक्टर म्हणायचे, "अरे वा, वाजवता?" हा लगेच तीन कॉर्ड वाजवून दाखवायचा. गिटार वाजवणाऱ्याचे हात कशाला कोण बारकाईने बघतंय? दरवेळी शिक्का मिळाला.

यंदाही त्याला खेप हवीच होती. चोवीस वर्षं तो घरी पाहुण्यासारखा येत होता. कायमचं राहायचं कसं, ते त्याला ठाऊक नव्हतं. सकाळच्या एसटीने आम्ही रत्नागिरीला गेलो. कंडक्टरने माझं अर्धं तिकीट मागितलं. बरं, नाही मागितलं.

डॉक्टर हर्षद वयाने लहान होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "किती कॉर्ड येतात, काका?"

"दीडशे, साहेब."

"मला बाराच येतात. एफनं तर चार महिने रडवलं. तुमची एफ बघू."

एफला पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. एका तारेवर बोट डोळ्यांनी ठेवता येतं. सहा तारांवर किती जोर पडतोय, ते बोटालाच कळावं लागतं. गंगारामने बोट टाकलं. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलाव्यात तशी मी वाजले. मी खोटं बोलते, माझ्या तारांना ते जमत नाही.

डॉक्टर हसले नाहीत. त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "जरा खिडकीतून बाहेर बघा."

बाहेर एक माणूस स्कूटर धूत होता. गंगाराम ते बघत राहिला.

"टोचलं का?"

"टोचताय कधी?" गंगारामने विचारलं.

डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये ठेवली. तीनदा टोचून झालं होतं. "तुमचं काम दोरांचं. मला सही नाही करता येणार, काका."

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि मी त्याच्या मांडीवर. 

घरी मालन, म्हणजे त्याची बायको, पडवीत सुकट निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय सांगितलान डाक्टरानं?"

"नापास."

"कशात?"

"एफ येत नाय मला."

मग त्याने बोट पुढे केलं आणि सहा वर्षांचं सगळं सांगितलं, पाणी किती वाजता येतं ते सांगावं अशा आवाजात.

मालनने हात पदराला पुसले. "सहा वर्सं? आनि माजा हात कुठच्या बोटानं धरीत होतात?"

"बाकीच्या चारांनी."

तिने त्याच्या बोटाच्या टोकाला अंगठ्याचं नख लावलं. "हितं?"

"नाय."

"हितं?"

"नाय."

नख एकेक पेर खाली सरकत गेलं. अगदी मुळाशी, तळहाताला लागून, तो म्हणाला, "हां. हितं लागतंय." मालनने अंगठा तिथून हलवला नाही. दुसऱ्या हाताने कॅलेंडरला अडकवलेलं बॉलपेन काढलं आणि त्या जागी एक रेघ ओढली.

याला पाच महिने झाले. तो आता रोज मला वाजवतो असं सांगितलं असतं, पण तुम्ही घरी येऊन बघाल. मी पडवीत खुंटीला असते, पाचवी तार तुटलेली. बंदरात भोंगा झाला तरी गंगाराम मान वर करत नाही. आंघोळीत रेघ पुसली जाते. मालन रोज नख लावत विचारते, "आज कुठवर?"

"काल होतं तिथंच."

ती परत रेघ ओढते. तसूभर सरकलेली नाही.

वाजवणाऱ्याला किती कॉर्ड यायला हव्यात, हे तुम्हीही मला विचारणारच. तीन पुरतात, मी वीस वर्षांची साक्षीदार आहे. लोकांना हवा तेवढा आकडा सांगा, माझी हरकत नाही. फक्त न येणारी कॉर्ड कुठली, तेवढं घरात एकाला माहीत असू द्या.