तीनचं बटण

दोन हजार नऊ सालची गोष्ट. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. दवाखान्याच्या कोपऱ्यातला नवा बाक रिकामा होता आणि सलग सहाव्या गुरुवारी मी त्यावरची धूळ पुसत होते.

"सिस्टर, पुसून पुसून झिजेल तो," लिफ्टवाला म्हणाला.

"झिजायला बसायला तरी हवं कुणी."

"परवा बसला होता की एक जण."

"तो बुटाची नाडी बांधायला बसला होता."

लिफ्टवाला हसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आमच्या इमारतीचीसुद्धा. आणि दर तीन महिन्यांनी स्वतःच्या गोळ्या न्यायला आमच्याकडे यायचा. चौथ्या मजल्यावरचा आमचा दवाखाना फक्त एचआयव्हीच्या रुग्णांचा. पूर्वी मी तिथे माणसं जाताना पाहिली होती. आता गोळ्या लागू पडत होत्या. माणसांचं वजन वाढायचं, चष्मे लागायचे, गुडघे कुरकुरायचे. म्हातारपणाच्या तक्रारी ऐकून मला बरं वाटायचं. पण जगायला वेळ मिळाला, तसा दुसऱ्या आजारांनाही गाठायला वेळ मिळाला. आमच्या डॉक्टरीणबाई एक प्रशिक्षण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यांच्यात गुदद्वाराचा कॅन्सर इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होतो. वेळीच दिसला तर थांबवता येतो. कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम, पण तयार कोण होणार? एक म्हणाला, "एक आजार सांभाळतोय तेवढा पुरे." दुसरा रागावला, "मला काय तसला समजता?" तिसऱ्याचं म्हणणं, दुखत नाही तर उकरून कशाला काढायचं. पुरुष लाजतात, असं मला वाटलं. म्हणून आडोसा केला. मागची खोली रिकामी करून घेतली, दाराला पडदा शिवून लावला, बाहेर हा बाक आणि वर पाटी: विशेष तपासणी, दर गुरुवारी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

त्या दिवशी लिफ्टवाल्याबरोबर शिंपी आला होता, तोही आमच्याच गोळ्यांवर. दोघं सोळा वर्षं एका खोलीत राहत होते. लोकांना सांगताना मावसभाऊ. आम्हाला काही सांगत नव्हते, आम्ही विचारत नव्हतो.

गोळ्या मोजून देताना शिंपी माझ्याकडे वाकला. "सिस्टर, याला रक्त जातंय."

"मूळव्याध आहे ती," लिफ्टवाला घाईने म्हणाला.

"डॉक्टर कधी झालास? चार महिने झाले. पायजमे आधी स्वतः धुतो आणि मग धुवायला टाकतो. अरे, मी शिंपी आहे. कापडावरचा डाग माझ्यापासून लपेल?"

लिफ्टवाल्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मी हळूच म्हटलं, "आज गुरुवारच आहे. बाई आत आहेत. बसा त्या बाकावर, पाच मिनिटांत हाक मारते."

त्याने बाकाकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या वीस-पंचवीस माणसांकडे.

"तिथे नाही बसणार, सिस्टर."

"अहो, जिवाचा प्रश्न आहे."

"चला माझ्याबरोबर," तो उठला. "एक दाखवतो."

त्याने मला लिफ्टपाशी नेलं. आत बटणं होती. एक आणि दोन थोडी मळलेली. चारचं जवळजवळ कोरं, आम्हा कामावरच्या चार-पाच जणांच्या बोटांपुरतं मळलेलं. आणि तीनचं इतकं झिजलेलं, की आकडा बोटाने चाचपावा लागे.

"तिसऱ्यावर काय आहे?" त्याने विचारलं.

"जुन्या फायलींची खोली. दिवसभरात दोन माणसं येत असतील."

"मग हे कुणी झिजवलं?"

मी पुन्हा त्या बटणावरून बोट फिरवलं.

"आम्ही," तो म्हणाला. "चारचं दाबलं की बाकीच्यांना कळतं कुठे चाललोय. म्हणून तीनला उतरायचं आणि एक जिना चढायचा. गुडघे दुखणारेसुद्धा चढतात. मीही चढतो, आणि लिफ्ट माझी आहे. अशा माणसांसाठी तुम्ही पाटी लावून बाक ठेवलात."

पंधरा वर्षं मी त्याच लिफ्टने वर जात होते. एकदाही त्या बटणाकडे पाहिलं नव्हतं.

मी आत गेले, स्टुलावर चढले आणि पाटी काढली. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. "अहो सिस्टर, पडाल."

"बाई, वजन, रक्तदाब आणि रक्त घेतो ना, त्याच खोलीत हीही तपासणी घेऊ या. सगळेच आत जातात, सगळ्यांना सारखाच वेळ लागेल. कुणी हो म्हणालं, कुणी नाही, बाहेर कळायचं कारण नाही."

त्यांनी क्षणभर विचार केला. "आजपासून?"

"आत्तापासून."

तरी लिफ्टवाला जागचा हलेना. शेवटी शिंपी उठला. "आधी मी जातो. मेलो तर शिलाई मशीन विकून टाक."

दोन मिनिटांत तो बाहेर आला. "काही नाही रे. मी तुझ्या पँटचं माप घेताना तू याहून जास्त चुळबुळ करतोस."

मग लिफ्टवाला गेला.

शिंप्याचा अहवाल स्वच्छ आला. लिफ्टवाल्याच्या नमुन्यात दोष निघाला. बाईंनी दुर्बिणीतून पाहून तुकडा तपासायला पाठवला. निकाल ऐकायला तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या वाटेवर निघालेल्या पेशी आहेत. आपण त्या जाळून काढू. दर सहा महिन्यांनी यायचं. आणि रक्त दिसलं तर यापुढे मूळव्याध म्हणायचं की नाही, ते मी ठरवीन."

त्याने मांड्यांखालचे हात बाहेर काढले. मग म्हणाला, "दोर तुटायच्या आधी बदलायचा. रोज दुसऱ्यांना हेच सांगतो मी."

वर्षअखेरपर्यंत त्या खोलीत एकशेबारा जणांनी तपासणी करून घेतली. सहा जणांमध्ये तशा पेशी सापडल्या. मला काय तसला समजता म्हणणाराही आला. कुणाच्या मध्यस्थीने आला, ते लिफ्टवाल्याने कधी सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई पुढे मोठ्या इस्पितळात गेल्या. त्यांचे विद्यार्थी आता हे काम करतात. बाक लिफ्टबाहेर ठेवला, तिथे कुणीही बसतं. मी निवृत्त झाले आणि माझेच गुडघे कुरकुरू लागले. शिंपी सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. मशीन विकलेलं नाही. लिफ्टवाला त्याला तेल घालतो आणि वाकड्यातिकड्या उशा शिवतो. एक माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "सिस्टर, तुमच्या जुन्या इमारतीत आलोय. एक बटण बदलायचंय."

"तीनचं?"

"नाही," तो म्हणाला. "तीनचं मागे बदललं, ते अजून नवंच आहे. चारचा आकडा पार पुसला गेलाय."