मुकी मूठ

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे. तो माझा दूरचा नातेवाईकसुद्धा नाही आणि कुणी तसे म्हटले तर मला राग येतो. मी आवाज एकत्र करणारा मिक्सर आहे. गाणारीचा गळा, गिटारचा खणखणाट, ड्रमचा दणका, हे सगळे तारांमधून माझ्या पोटात येते आणि एक गाणे होऊन बाहेर पडते. माझ्या छाताडावर वरखाली सरकणाऱ्या मुठींची रांग आहे. एकेका मुठीत एकेक आवाज. मूठ वर ढकलली की आवाज चढतो, खाली ओढली की उतरतो.

आत्मवृत्त सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा रडतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते. मी रडणार नाही. मला कुणाची दया नको. मी उभ्या आयुष्यात कुणाचे मुकाट ऐकून घेतले नाही, आणि ज्या बाईने मला वापरले तिनेही नाही.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात, सरकारी रेडिओसाठी झाला. तापलेल्या कथिलाच्या वासात बायकांनी एकेक तार माझ्या पोटात जोडली. मग कितीतरी वर्षे मी लोकरीचे भाव सांगितले, घोड्यांच्या शर्यती सांगितल्या, पुढाऱ्यांची भाषणे गिळली. ती पचायला जड असत. पुढे माझ्यापेक्षा देखणा नवा मिक्सर आला आणि माझी रवानगी रंगाच्या डब्यांशेजारी अडगळीत झाली.

त्याच रेडिओवर बर्निस हॅलिनन नावाची एक मुलगी टेलिफोन घेत असे. सगळे तिला बर्नी म्हणत. फोन ठेवला की ती काचेपलीकडून माझ्याकडे टक लावून बघायची. एकदा तिने मिक्सर चालवू का, असे साहेबांना विचारले. साहेब म्हणाले, "बाईमाणसानं फोन घ्यावेत." त्या महिन्यात तिने नोकरी सोडली. जाताना अडगळीच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "हा टाकूनच द्यायचाय ना? मग माझ्यावर टाका."

तिच्या भावाच्या उघड्या गाडीत, दोरखंडाने बांधून, मी तिच्या गावी, पोर्ट केंब्लाला आलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पोलादाचा कारखाना. वाऱ्याने दिशा बदलली की दोरीवरचे धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. तिथे एका बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानात मांस ठेवायची थंड खोली होती. तिच्या भिंती जाडजूड, आतला आवाज बाहेर जात नसे आणि बाहेरचा आत येत नसे. बर्नीने ती भाड्याने घेतली. जिथे बकरे टांगत, त्या आकड्यांवर तिने माइक टांगले. चरबीचा वास काही शेवटपर्यंत गेला नाही. आम्हाला त्याची सवय झाली.

बर्नी रॉक संगीताची निर्माती झाली आणि मॅनेजरही झाली. निर्माती म्हणून ती गाणे घडवायची. मॅनेजर म्हणून ती पोरांना दारूच्या गुत्त्यांमध्ये कार्यक्रम मिळवून द्यायची, मालकांशी भांडायची, आणि कोण उपाशी आहे ते बघून त्याच्या हातात मटण भरलेले गरम पॅटिस कोंबायची. ही दोन कामे एका अंगात सुखाने नांदत नाहीत. निर्माती म्हणते, गाणे खरे हवे. मॅनेजर म्हणते, आधी पोरांचे पोट बघ.

आता माझ्या मुक्या मुठीविषयी सांगतो. एका गिटारवाल्याने माझ्यावर बिअर सांडली आणि माझ्या शेवटच्या मुठीची तार आतून तुटली. ती मूठ सरकायची झोकात, पण कशालाच जोडलेली नव्हती. बर्नीने मला उघडले, तुटकी तार पाहिली आणि जरा विचार करून झाकण परत लावले. दुसऱ्याच दिवशी तोच गिटारवाला कुरकुरू लागला, "माझा आवाजच ऐकू येत नाही. जरा वाढव ना."

"तूच वाढव," बर्नी म्हणाली आणि तिने शेवटच्या मुठीकडे बोट दाखवले.

त्याने मूठ वर ढकलली, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, "बघ! आता कसं भरदार वाटतंय!"

तेव्हापासून ज्याला ज्याला उगाच लुडबुड करायची असे, त्याला ती मूठ मिळे. बर्नीने हे कुणालाही सांगितले नाही. गुत्त्यात एक ग्लास पोटात गेला की वादकाच्या तोंडाला कुलूप राहत नाही, हे ती जाणून होती. हे गुपित फक्त तिला आणि मला ठाऊक होते.

मग ती चौकडी आली. त्यांच्या बँडचे नाव 'नॉक-ऑफ'. कारखान्यातली माणसे पाळी सुटण्याला नॉक-ऑफ म्हणतात. लॉरेल पिम गात असे. तिच्या गळ्यात वाळू होती आणि जिभेवर तिखट. ड्रमवर ब्लागोया ट्राय्कोव्ह. त्याचे आईबाप मॅसेडोनियाहून आलेले. सगळे त्याला ब्लागो म्हणत. दिवसा तो कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर राबायचा. त्याची आई चीज भरलेले बुरेक फडक्यात बांधून पाठवायची आणि बाकीचे तिघे ते त्याच्याआधी संपवायचे. तो काही बोलत नसे. जे काही बोलायचे ते तो ड्रमवर बोले.

त्यांचे एक गाणे होते, 'फाटकाकडे'. सुरुवातीला ब्लागो जड, दमलेला ठेका धरायचा, आणि ध्रुवपद आले की त्याचा हात पळू लागायचा. लॉरेल वैतागायची.

"ए ब्लागो, तुझी बस चुकतेय का? का म्हातारीनं जेवायला बोलावलंय?"

"सॉरी," ब्लागो म्हणायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

बर्नीने एकदा सगळ्यांना थांबवले. "ब्लागो, पाळी सुटल्याचा भोंगा झाला की तू फाटकाकडे कसा चालतोस?"

त्याने विचार केला. "झपाझप."

"सावकाश नाही?"

"भोंगा झाल्यावर सावकाश कोण चालतं?"

"मग लॉरेल, तूच पळ त्याच्यामागं. सॉरी म्हणायचं नाही रे ब्लागो. वाजव तसंच."

गाणे टेपवर उतरले. मित्रांनो, मी रेडिओवर मोठमोठ्यांचे आवाज वाहिले आहेत, पण असे काही माझ्या तारांतून आधी कधी गेले नव्हते.

सिडनीहून मोठ्या रेकॉर्ड कंपनीचे स्टॅनर्ड साहेब आले. बुटांना चिखल लागू नये म्हणून ते बोटांवर चालत आत शिरले. गाणे ऐकून म्हणाले, "बाई छान गाते. गाण्याची रेकॉर्ड काढू आपण. पण तो ड्रमर घाई करतो. माझ्याकडे सिडनीत एक माणूस आहे, घड्याळासारखा वाजवतो. याला बदला, नाहीतर मी निघालो."

ब्लागो तिथेच कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसला होता. त्याच्याबद्दल तो नसल्यासारखे बोलणे चालले होते. त्याला काढले की त्याच्या नशिबी उरली फक्त भट्टी; आणि त्याला ठेवावे तर चौघांची संधी जाणार. लॉरेल जमिनीकडे बघू लागली. बर्नीच्या अंगातली मॅनेजर आणि निर्माती यांचे मी त्या वेळी समोरासमोर भांडण पाहिले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग ती गोड हसली. ती गोड हसली की मला समजायचे, आता कुणाची तरी खैर नाही. तिने पांढऱ्या चिकटपट्टीवर 'ड्रम' असे लिहिले आणि ती पट्टी माझ्या मुक्या मुठीखाली चिकटवली.

"साहेब, माणूस कशाला बदलायचा? तुमचा कान इतका तयार! ही त्याची मूठ. तुम्हीच दाबा त्याला, किती दाबायचा तेवढा."

साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या. गाणे लागले. ध्रुवपद आले तशी त्यांनी दोन बोटांनी मूठ हळूहळू खाली ओढली, केसाला धक्का लागू नये अशी. त्यांचा चेहरा खुलला.

"हं! आता कसा दबला! घाई झाकली गेली. आता गाणं लोकांसमोर न्यायच्या लायकीचं झालं."

"कान म्हणजे कान आहे तुमचा," बर्नी म्हणाली.

माझ्या तारा हसून हसून तापल्या. कंपनीने गाणे काढले, ब्लागोसकट, घाईसकट, जसेच्या तसे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गुत्त्यात ते वाजले. कारखान्यातून सुटलेली माणसे ते शिट्टीवर वाजवत फाटकाबाहेर पडू लागली. स्टॅनर्ड साहेब वर्तमानपत्रात सांगत फिरले की हे गाणे आपण सुधारले. सांगू देत!

पण एक गोष्ट फक्त मला दिसली होती. साहेब 'आता कसा दबला' म्हणाले तेव्हा ब्लागो उठला, त्याने कप धुतला, पालथा ठेवला आणि तो बाहेर गेला.

पुढे काळ बदलला. बँड फुटला, तसे बँड फुटतातच. बर्नीने आणखी कितीतरी पोरे घडवली आणि कितीतरी साहेबांना माझी मुकी मूठ दिली. मग संगणक आले. गाणी घराघरात झोपायच्या खोल्यांत बनू लागली आणि आमच्या थंड खोलीकडे कुणी फिरकेना. छत गळू लागले. माझ्या पोटात एका तळहाताएवढ्या कोळ्याने संसार थाटला. मला विकत घ्यायला हौशी लोक येत. बर्नी त्यांना दारातच सांगायची, "तो विकायला नाही. तो कामावर आहे." काम काहीच नव्हते, पण तिने मला तसे कधी जाणवू दिले नाही. दर आठवड्याला ती माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसायची आणि मला थोडा वेळ चालू करून ठेवायची. विजेची यंत्रे बसून राहिली की मरतात.

परवा त्याच कंपनीची इमोजेन नावाची तरुण बाई आली. 'फाटकाकडे' पुन्हा काढायचे होते. तिच्या हातात वहीएवढा संगणक होता. फार गोड बोलत होती बिचारी. "आता प्रत्येक ठोका अगदी जागेवर बसवता येतो. ती ध्रुवपदातली घाई काढून टाकू. बाकी सगळ्यांनी होकार दिलाय. फक्त तुमचा आणि ड्रमरचा हवा."

"माझा नाही," बर्नी म्हणाली. तिची पाठ आता वाकली होती, जीभ नव्हती वाकली. "आणि त्याचाही नसेल. थांब, त्यालाच बोलावते."

ब्लागो काठी टेकत आला. डोके पांढरे, हात तेच, फावड्यासारखे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "करू दे त्यांना, बर्नी."

"काय?"

"करू दे म्हटलं. त्या स्टॅनर्डनं मला दाबलं म्हणून तर गाणं चाललं. माझ्यादेखत दाबलं. मी पोरांना कधी सांगितलंसुद्धा नाही, की त्यात मी वाजवलंय. माझं काय आहे त्यात? दाबून दाबून उरलं तेवढं."

बर्नीचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"गाढवा," ती म्हणाली. "इतकी वर्षं हे उराशी धरून बसलास? मला विचारलं का नाहीस?"

"विचारायचं काय होतं? तू तरी काही सांगितलंस?"

"काय सांगायचं ते तुला कुठं ठाऊक आहे!" तिने खणातून पेचकस काढला. तिने कुणाला मदत करू दिली नाही. एकेक स्क्रू काढून तिने माझे झाकण उचलले. कोळी पळाला. "ये इकडं. वाक. ही त्या मुठीची तार. बघ, कुठं जोडलीय?"

ब्लागोने चष्मा चढवला. तार हवेत लोंबकळत होती. टोक काळे, जुने, धूळ चढलेले.

"कुठंच नाही," तो म्हणाला.

"तेव्हाही नव्हती. त्यानं काही दाबलं नाही, ब्लागो. त्याला ते जमलंच नसतं. लोकांनी ऐकलं तो तू होतास. अख्खा."

तिने जुनी टेप लावली. मी जीव एकवटून वाजलो. सुरुवातीचा जड, दमलेला ठेका आला आणि ब्लागो खुर्चीत बसला. मग ध्रुवपद आले, त्याचा तरुण हात पळू लागला आणि म्हाताऱ्याची काठी फरशीवर त्याच्यासोबत पळाली. इमोजेनचा पायही ठेका धरून पळत होता, तिच्या नकळत. ब्लागो रडत होता. डोळे पुसायचीही त्याने तसदी घेतली नाही.

गाणे संपल्यावर इमोजेन हळूच म्हणाली, "खरंच सुंदर आहे. पण नवीन श्रोत्यांना जरा..."

"का?" ब्लागो म्हणाला. "नवीन श्रोते कामावरून सुटत नाहीत का?"



मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची धूळ जरूर पुसा, गंज काढा, अधूनमधून आम्हाला चालू ठेवा. पण जे कुणी जीव ओतून केले आहे ते सरळ करायला निघालात, तर आधी त्याच्या दारी जाऊन विचारा. आणि कुणाचे चांगले केले असेल तर ते त्याला सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ज्याचे ते सव्वा लाख आहेत, त्याच्यापुढे तरी ती उघडावी, आणि तो ऐकायला जिवंत आहे तोवर उघडावी. बर्नीला थोडा उशीर झाला. फार नाही झाला.

इमोजेनने आपला संगणक मिटला. ब्लागो काठी टेकत उठला आणि दारापर्यंत जाऊन वळला.

"बाई, तुमच्या साहेबांना सांगा," तो म्हणाला, "ती घाई माझी आहे. तिला हात लावायचा नाही."