पाट्यावर वाटलेला बोकड

माझ्या मेव्हण्यांचं दोन तृतीयांश पोट डॉक्टरांनी कापून काढलं, तेव्हा आधी मला वाईट वाटलं आणि लगेच मनात आलं की उरलेलं पोटसुद्धा चार माणसांना पुरेल. हे तेव्हा बोललो असतो तर मायाक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, मला उंबऱ्यावर उभं केलं नसतं. आता सगळं निभावलं आहे म्हणून लिहितो.

दाजींचं नाव बिरप्पा. मूळचे वेळापूरकडचे, वाडवडील मेंढरं राखणारे, हे मात्र सोलापुरात गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. वजन एकशे दहा किलो. एका बैठकीला चौदा भाकरी खायचे आणि पंधरावीला नको म्हणताना चेहरा पाडायचे. पोटातल्या व्रणाकडं त्यांनी दोन वर्षं कानाडोळा केला. शेवटी रक्ताची उलटी झाली आणि अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत ऑपरेशन करावं लागलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे दातांना काम द्यायचं नाही. सगळं शिजवून, वाटून, फडक्यातून गाळून. एका वेळी चार चमचे, दर दोन तासांनी. आत टाके आहेत. एखादा तुकडा अडकला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि त्या खेपेला मी काही सांगू शकणार नाही."

शेवटचं वाक्य मायाक्काच्या काळजात रुतलं. दाजींना चार चमचे तेवढे ऐकू आले.

मी शेजारच्या खोलीत राहतो. नगरपालिकेच्या शाळेत मास्तर आहे, शाळा सकाळची. त्यामुळं दुपारी पाट्यावर मला बसवण्यात आलं. मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही.

पहिल्या आठवड्यात दाजींनी खायला तोंडच उघडलं नाही. मूगडाळीचं पाणी पाहून म्हणाले, "ह्ये काय हाय? भिताडाला लावा." गाळलेला भात पाहून म्हणाले, "मास्तर, ह्यानं पतंगाला कागुद चिटकंल." माझे खांदे भरून आले होते, त्यामुळं मला हसू आलं नाही.

मायाक्का मात्र हट्टी. नुसतं मऊ करून भागणार नाही, चव पाहिजे, हे तिनं ओळखलं. तांबडा भोपळा उकडण्याऐवजी ती निखाऱ्यावर भाजू लागली. वांगं भाजून, साल काढून, आल्याचा रस घालून माझ्यापुढं टाकायची आणि मला घरच्या नावानं हाक मारून म्हणायची, "येडू, अजून वाट. जिभेला कणी लागता कामा न्हाय." ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, जिऱ्याची तुपातली फोडणी देऊन, दोनदा गाळायची. ती वाटी दाजींनी संपवली आणि आत डोकावून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात ते दर दोन तासांनी घड्याळाकडं बघायला लागले. मायाक्काचा जीव जरा भांड्यात पडला.

आणि तेवढ्यात तो नवस पुढं आला.

दवाखान्याच्या पायरीवर बसून ती गावच्या म्हसोबाला बोलली होती की मालक घरी आले तर बोकड देईन, आणि मालकांच्या मुखात पहिला घास गेल्याशिवाय कुणी पानाला हात लावणार नाही. दुसरी अट तिला कुणी घालायला सांगितली नव्हती. पण आमच्या लोकांत बोललेल्या नवसाचं अक्षर हलत नाही. फेडायचा तोही येत्या अवसेच्या आत. दाजींना एसटीत बसायची बंदी. तेव्हा माणूस देवाकडं जाईना म्हणून बोकडच माणसाकडं आला. रविवारी सकाळी आमच्या चाळीपुढं ट्रक थांबला. त्यातून बोकड उतरला, गुलालाची पुडी घेतलेले देवाचे पुजारी हरिबा उतरले, दाजींची थोरली बहीण फुलाबाई उतरली आणि मागोमाग पंचवीस भुकेली माणसं उतरली.

दुपारी मायाक्कानं चांगलं दोन वाटी मटण वेगळं काढलं. मिरची नाही, फक्त कांदा, भाजलेलं खोबरं, खसखस, आलं आणि काळ्या मसाल्याची चिमूट. बोटानं दाबलं तर विरघळेल इतकं शिजवलं आणि पाट्यावर माझ्यापुढं ठेवलं.

फुलाबाई येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्ये काय चाललंय?"

"दाजींचा घास वाटतोय," मी म्हणालो.

"बोकड वाटतायसा? देवाचा बोकड हाय का लसणाची चटणी?"

"वन्सं, डाक्टरनी सांगितलंय," मायाक्का चुलीपासून म्हणाली.

"डाक्टरला म्हसोबा ठावं हाय का? दात लागल्याबिगर घास कसला? तू घास बोललीस. पेज बोलली न्हाईस."

बाजेवरून दाजींचा आवाज आला, "फुलाक्का म्हंती ते बराबर हाय. देवाच्या कामात लबाडी नको."

मी वरवंटा खाली ठेवला. या गृहस्थांनी वीस वर्षांत देवळाची पायरी चढलेली मी पाहिली नव्हती. आज रश्श्याचा वास नाकात गेला आणि भक्ती जागी झाली. मला इतका संताप आला की राहिलेलं मटण मी नुसत्या रागावर वाटलं, आणि सांगायला हरकत नाही, ते लोण्यासारखं झालं.

पंगत बसली. पंचवीस पानं वाढली, पंचवीस माणसं हात मांडीवर ठेवून दाजींकडं बघत बसली. दाजींपुढं मायाक्कानं वाटी ठेवली. फुलाबाईनं शेजारी ताट ठेवलं, त्यात अर्धी भाकरी आणि एक चांगली मोठी नळी. दाजींनी एकदा वाटीकडं पाहिलं, एकदा नळीकडं, आणि त्यांचा हात ताटाकडं गेला.

मायाक्कानं त्यांचं मनगट धरलं. साऱ्या सोयऱ्यांसमोर, सासरच्या माणसांसमोर. तिनं असं कधी केलं नव्हतं.

"सोड," दाजी म्हणाले.

"न्हाय सोडनार. नवस मी बोललेली हाय. पाप लागंल ते मला लागंल. मला तुमी पायजेसा."

मी घाबरलो होतो. एक तुकडा आत गेला असता तर पुढचं सगळं मला दिसत होतं. पण सासरच्या माणसांत बायकोच्या भावाला आवाज नसतो. मी हरिबांकडं पाहिलं.

हरिबा ऐंशीचे. ते शांतपणे म्हणाले, "फुलाबाई, हिकडं ये. माज्या तोंडात बघ." आणि त्यांनी भलामोठा आ केला. "दात किती हायत?"

फुलाबाईनं वाकून पाहिलं. "एक बी न्हाय."

"धा वर्सं झाली. दर अवसेला देवाचा पयला घास मीच घेतो. रस्सा वरपतो, भाकरी कुस्करतो, गिळतो. मग धा वर्सं देव उपाशी हाय म्हनतीस?"

फुलाबाईनं नळीचं ताट मागं ओढलं. पंगतीत कुणीतरी खोकलं. हरिबांनी मान लांब करून वाटीचा वास घेतला आणि त्यांचा आवाज एकदम घाईचा झाला. "बिरप्पा, घे बाबा लवकर. आन मास्तर, आजून असलं वाटल्यालं हाय का?"

दाजींनी चमचा उचलला. पहिला तोंडात गेला आणि ते डोळे मिटून बसले. दुसरा चमचा त्यांनी जिभेवर बराच वेळ धरून ठेवला. तोवर पंगत तुटून पडली होती. हरिबांनी एक वाटी संपवली, दुसरी मागितली. ते बघून तीन म्हाताऱ्यांनी आपल्या ताटातले तुकडे माझ्या पाट्यावर आणून टाकले. फुलाबाईनं पाट्याच्या कडेचं बोटानं पुसून चाटलं आणि मला म्हणाली, "मीठ कमी हाय." पण दुसऱ्यांदाही चाटलं.

चौथ्या चमच्याला दाजींनी वाटी खाली ठेवली. पोट भरलं होतं. त्यांनी छातीवर हात ठेवला, इकडंतिकडं पाहिलं. इतरांची पहिली भाकरीसुद्धा संपली नव्हती, आणि त्यांना करायला काही काम उरलं नव्हतं. बघता बघता त्यांची नजर चुलीवर गेली. तिथं मायाक्का घामाघूम होऊन भाकरी थापत होती.

"तू कवा जेवनार?" त्यांनी विचारलं.

"तुमचं झाल्यावर. रोजच्यासारकं."

"माजं झालं की."

तिचा हात पिठावर थांबला. बावीस वर्षं या माणसाची चौदावी भाकरी तव्यावरून उतरायची तेव्हा चूल विझत आलेली असायची, आणि ती उरलंसुरलं गार खायची. मी दर रविवारी तिथंच जेवत होतो. माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं, याची मला त्या दिवशी फार लाज वाटली.

फुलाबाई उठली. "सर तितनं, मी थापते," म्हणाली. मायाक्का पदराला हात पुसत ताटावर येऊन बसली. कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना. तिनं दाजींकडं पाहिलं.

"गरम हाय तवर खा," ते म्हणाले.

ती रडत होती आणि भाकरीवर फुंकर घालत होती. तशीच रडत तिनं दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी तिनं स्वतः मागून घेतली, आणि ती संपेपर्यंत दाजी तिच्यासमोर बसून राहिले.