नुसतं पाणी

मला पसारा खपत नाही. शिवणाच्या दुकानात बटणं बटणांत आणि सुया सुयांत, हे सांगून सांगून माझा घसा बसला. धाकटा भाऊ कापड कापतो, भावजय काजं-बटणं करते, आणि दोघांच्या मागे आवरत फिरायचं ते मी.

त्या दुपारी गणवेशांची घाई होती. भावाने इन्सुलिन घेतलं आणि ''एवढा तागा कापतो, मग जेवतो,'' म्हणाला. पाऊण तासाने धपकन आवाज झाला. बघते तर भाऊ जमिनीवर, घामाने चिंब, हाक मारली तरी दाद नाही. शुद्ध नसताना तोंडात साखर घालायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. अशा वेळेसाठीच त्यांनी साखर वर आणणारं इंजेक्शन लिहून दिलं होतं. मी फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगत होते, तोवर भावजयीने सुयांच्या खणातून सिरिंज काढून त्याच्या मांडीत टोचलीसुद्धा. एरवी वेंधळी, पण तेव्हा जराही गडबडली नाही.

दहा मिनिटं गेली. तो ढिम्म हलेना.

अँब्युलन्समधली नर्स आत आली. तिने विचारलं, ''इंजेक्शन दिलं?''

''दिलं,'' भावजय म्हणाली.

''पावडर मिसळून?''

''कसली पावडर?''

मला इंजेक्शनची लाल डबी आठवली. तिच्यात सिरिंजशेजारी एक बाटली होती, तळाशी पांढरं काहीतरी सुकलेलं. मागच्या महिन्यात मीच आवरलं होतं. सिरिंज सुयांत टाकली, बाटली औषधांच्या कपाटात. डबी छान होती म्हणून तिच्यात हुक भरले, आणि कसं मिसळायचं याची चित्रं असलेला कागद फेकून दिला. औषध त्या पावडरीत होतं. सिरिंजमध्ये नुसतं पाणी.

नर्सने शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. ''माझ्या हातून गेले असते हो हे,'' एवढंच भावजय पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर तसं वाटलंही.

भावाने डोळे किलकिले केले.

''तुझ्या हातून नाही,'' मी म्हणाले. ''डबी मी रिकामी केली.'' आणि सगळं सांगून टाकलं.

भावाचा घाम पुसायला मी हात पुढे केला.

''ताई,'' भावजय हळू आवाजात म्हणाली, ''आता कशालाही हात लावू नका.''

मी हात मागे घेतला.