मध्यंतरापुरता माणूस

स्टीलच्या ताटलीत ठेवलेला मोबाईल खर्रकन थरथरला आणि पहाटेची शांतता मोडली. सोनालीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. घरात रेंज यायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. म्हणून फोन रात्रभर तिथंच असायचा, ताटलीत. नुसता थरथरला तरी ताटली बोलते, ही युक्ती तिच्या नवऱ्याची, व्यंकटची. परदेशी जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं ही ताटली खिडकीत ठेवून दिली होती.

पदराला हात पुसून तिनं निरोप वाचला. ‘हरलो, दोन-शून्य. युरोपातलं संपलं. गवत बसवून आता खोलीवर चाललो. भुवीला मुका.’

तिनं तो पुन्हा वाचला. मग चुलीवर चहा ठेवला, साखर टाकली, आणि हात आपोआप फळीवरच्या डबीकडं गेला. दोन वेलदोडे ठेचून तिनं आधणात टाकले.

विठाबाई म्हशीची धार काढून आत आल्या. चरवी खाली ठेवता ठेवता त्यांनी नाक वर केलं. “आज इलायची? कुणाचा सण हाय गं?”

“असंच, आत्या. डबीत पडून वास चालला हुता.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या आणि कपाकडं बघत राहिल्या.

मागोमाग सासरे आले. खांद्यावरचा टॉवेल झटकत बब्रुवाननी रोजचा प्रश्न विचारला. “काय झालं आपल्या क्लबाचं?”

“हरला, मामा. दोन-शून्य.”

“घरच्या रानात?”

“व्हय.”

म्हाताऱ्यानं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. “एवढी राखण करून शेवटी दुसऱ्याचीच जनावरं चरून गेली म्हण की.”

सोनालीनं मान खाली घातली. ती हसू दाबत होती, पण ते सासऱ्यांच्या बोलण्याचं नव्हतं. आपल्याला बरं वाटतंय, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

कळंबच्या अलीकडच्या त्या गावाचा आणि फुटबॉलचा काडीचा संबंध नव्हता. व्यंकटनंसुद्धा आयुष्यात कधी त्या चेंडूला लाथ मारली नव्हती. पुण्यात क्रिकेटच्या एका मैदानावर तो रोलर ओढायचा, पाणी द्यायचा, गवत कापायचा. तिथल्या साहेबानं त्याचा हात पाहिला आणि पोर्तुगालमधल्या ओळखीच्या ठेकेदाराकडं धाडलं. समुद्राकाठचं लहानसं शहर, साल्व्हेरा. त्याच नावाचा क्लब. व्यंकटचं काम गवताचं. सामन्यात खेळाडूंच्या बुटांनी ढेकळं उपटली जायची, ती काट्यानं उचलून पुन्हा जागच्या जागी बसवायची.

“इथं म्हशीला पेंढीभर गवत आण म्हणलं की पाय दुखायचे ह्याचे,” विठाबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या. सांगताना मात्र आवाज मोठा व्हायचा, शेजारच्या ओट्यावर ऐकू जाईल इतका.

टीव्हीवर तो दिसायचा फक्त मध्यंतरात. पिवळी जाकिटं घातलेली चार-पाच माणसं हातात काटे घेऊन मैदानात उतरायची आणि कॅमेरा त्यांच्यावरून माशी उडावी तसा उडून जायचा. त्यामुळं या घराची सामना बघायची रीत उलटी झाली होती. जग मध्यंतरात चहाला उठतं. इथं तेव्हा सगळे हातातलं टाकून येऊन बसायचे.

धाकटा दीर श्रीनाथ हा या घरातला फुटबॉलचा पंडित. मोबाईल खिडकीत ठेवून लांब तारेनं टीव्हीला जोडायचं काम त्याचं, आणि वडिलांना समजावायचंही. “आबा, लीग म्हंजी वर्षभराची शेती. थोडं थोडं करून पिकवायचं. कप म्हंजी जत्रंतली कुस्ती, पाठ टेकली की घरी.”

“अन् युरोप?”

“दुसऱ्या मुलखातले पैलवान आपल्या फडात उतरले की युरोप.”

“मग नीट सांगायचं की तसं,” बब्रुवान म्हणाले. त्यानंतर त्यांना सगळं कळू लागलं. कपात क्लब एका खेडेगावाच्या संघाकडून हरला तेव्हा त्यांनी भाकरी अर्धी ठेवली. युरोपात बर्फाळ मुलखातल्या क्लबला हरवलं तेव्हा पारावर जाऊन सगळ्यांना सांगून आले. हळूहळू गावातल्या पोरांच्या अंगावर क्लबच्या रंगाचे निळे बनियन दिसू लागले. साल्व्हेरा कुठं आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं, पण ‘आपला क्लब’ म्हटलं की पुरे होतं.

दिवाळीत व्यंकटनं फोनवर करार सांगितला होता. “ह्या मोसमापुरतं हाय. पण लीगमधी पयल्या पाचात आलो तर फुडल्या साली बी युरोप. मग जुलैपासनंच सामने. गवताला सुट्टी न्हाय, मग मला कुठली? अजून एक वर्ष ठेवून घेणारेत.”

“अन् न्हाय आलो तर?” श्रीनाथनं विचारलं होतं.

“तर मिरगाला घरी.”

घरच्यांनी ‘अजून एक वर्ष’ उचललं. सोनालीनं ‘मिरगाला घरी’.

तेव्हापासून ती दोन तोंडांनी जगत होती. गोल झाला की पोरांबरोबर तीही टाळ्या वाजवायची. सामन्याआधी विठाबाई देवीपुढं दिवा लावायच्या, तेव्हा तीही शेजारी हात जोडायची आणि मनात उलटंच मागायची. जूनमध्ये भुवनेश्वरी पहिलीत जाणार होती. तो गेला तेव्हा पोरगी ‘र’ला ‘ल’ म्हणायची. आता तिचा ‘र’ घंटेसारखा वाजत होता आणि त्यानं तो फक्त फोनवर ऐकला होता.

एकदा तिनं विचारून पाहिलं होतं. “तुमाला यावंसं वाटतं का?”

“वाटतं की,” व्यंकट म्हणाला होता. मग त्यानं फोन फिरवला. “हे बघ, सोनाली. रातीचं दव पडलंय. उन्हं यायच्या आत कसं दिसतं बघ.” हिरवं, सपाट, चांदीची भुकटी पसरल्यासारखं मैदान. आणि त्याच्या आवाजात तीच जपणूक होती, जी तिनं फक्त एकदा ऐकली होती: भुवी बारा दिवसांची असताना, तिला पहिल्यांदा हातात घेतल्यावर. पुण्यात तो दहा माणसांतला एक होता. तिथं त्याच्या हाताखाली एक कोपरा दिला होता, गोलपोस्टाजवळचा. “ह्यो माझा,” तो म्हणाला होता. त्यानंतर ‘परत या’ हे शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन परत जायचे.

मे महिन्यातला शेवटचा रविवार आला. साल्व्हेरा लीगमध्ये सहावा. हा सामना जिंकला तर पाचवा, नाहीतर तिथंच.

संध्याकाळचं दूध आलं आणि सोनालीनं पडवीतल्या भट्टीवर कढई चढवली. घरचा खवा कळंबच्या पेढेवाल्याकडं जायचा. पहाटेच्या एसटीत डबा चढला नाही तर त्याची भट्टी अडायची. खव्याचं काम नेटाचं. सुरुवातीला दूध माणसाला मोकळं सोडतं. उकळ्या फुटेपर्यंत इकडंतिकडं बघता येतं. पण ते दाटून यायला लागलं, उलथन्याला ओढ लागायला लागली, की मग मान वळवायची नाही. शेवटी शेवटी तर हात क्षणभर थांबला तरी तळाला लागतो.

श्रीनाथनं टीव्ही दारातच आणून ठेवला. “वहिनी, इथनं दिसतंय का?”

“दिसतंय. भट्टीपुढनं सरक तेवढं.”

अंगणात निळ्या बनियनांची गर्दी झाली. विठाबाईंनी दिवा लावला आणि जपमाळ घेऊन भिंतीला टेकल्या. भुवी आजीच्या मांडीवर.

पहिला डाव कोराच गेला. शिट्टी वाजली तशी अंगणातली पोरं पाणी प्यायला उठली आणि घरातले सगळे पुढं सरकले. पिवळी जाकिटं मैदानात आली. आज काय झालं कोण जाणे, कॅमेरा उडाला नाही. बहुधा दाखवायला दुसरं काही नव्हतं. गोलपोस्टाजवळ एक माणूस गुडघ्यावर बसला होता. त्यानं उपटलेलं ढेकूळ उचललं, उलटं करून मुळ्या पाहिल्या, खळग्यात ठेवलं आणि तळहातानं हळूहळू थापटू लागला.

“दादा,” श्रीनाथ एवढंच म्हणाला.

“आजी, बाबा कुणाला थापटायलेत?” भुवीनं विचारलं.

“रानाला, माय,” आजोबांनीच उत्तर दिलं. “निजवायलेत त्याला.”

व्यंकट वाळला होता. कानामागचे केस पांढरे झाले होते, तेही सोनालीला फोनवर कधी दिसले नव्हते. उठताना त्यानं गुडघ्यावर हात टेकला. मग साबणाची जाहिरात लागली.

दुसरा डाव सुरू झाला आणि कढईतलं दूध दाटू लागलं. सोनाली टीव्हीकडं बघत नव्हती. आवाजावरून तिला कळत होतं. अंगण हळहळलं की समोरच्या संघाचा आनंद तिचा. वेळ सरत होती. बरोबरी होती. बरोबरी म्हणजे मिरग. उलथन्याला ओढ लागली, तसा तिचा हात जोरात फिरू लागला. पहिलीचं दप्तर, अंगणात उघडलेली बॅग, त्याच्या शर्टाचा वास, सगळं त्या कढईत गोल गोल फिरत होतं.

“कॉर्नर,” श्रीनाथ ओरडला. “आबा, शेवटचा हाय ह्यो.”

तिनं मान वर केली. बॉल उंच आला, निळ्या गर्दीत एक डोकं सगळ्यांच्या वर गेलं आणि जाळी हलली. व्यंकटच्या कोपऱ्यातलीच जाळी.

अंगण फुटलं. कुणी ताट बडवलं, कुणी श्रीनाथला खांद्यावर घेतलं. बब्रुवान टॉवेल फिरवत उभे राहिले. सोनाली टीव्हीकडं बघत होती. तिथं माणसं कुंपणावरून उड्या मारून मैदानात धावत होती. हात थांबला आहे हे तिला कळलंच नाही.

वास आधी विठाबाईंना आला. त्या लगबगीनं उठल्या, पदरानं कढईचे कान धरले आणि ती भट्टीवरून खाली ओढली.

“लागला का, आत्या?”

“लागला.” सासूबाई वाकून बघत होत्या. “तळ सोड. वरचा काढून घे हलक्या हातानं, त्याला वास न्हाय लागलेला.”

“ध्यानच गेलं माझं. ते जिंकले तवा…”

“व्हय.” विठाबाईंनी दुसरं उलथनं घेतलं आणि तिच्या शेजारी बसल्या. अंगणात गोंधळ चालला होता, त्याच्या आडून हलकेच म्हणाल्या, “त्या दिशी हरल्यावर चहात इलायची पडली, तवाच वळकलं म्या.”

सोनालीचा चेहरा भट्टीच्या धगीनं आधीच लाल होता. “आत्या, म्या वाईट मागत न्हवते…”

“आगं, म्या काय मागत हुते असं वाटतंय तुला?” म्हातारीनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. “हार-जीत मला बी कुठं कळतीया? लेकरू घरला आण, एवढंच म्हणायचे. म्हाताऱ्यानं ऐकलं असतं तर जेवला नसता.”

दोघी खालमानेनं खवा काढत राहिल्या.

खिडकीतली ताटली वाजली. सोनालीआधी श्रीनाथ पोचला. “दादाचा व्हिडिओ कॉल, या लवकर.” सगळे स्वयंपाकघरात कोंबले गेले. व्यंकटचा चेहरा पडद्यावर हलत होता, मागं गाणी आणि भोंगे.

“बघितलं का, आबा? माझ्याच कोपऱ्यात गोल झाला. सायेब आताच गळ्यात पडला माझ्या. वर्ष वाढलं म्हणला.”

“शाब्बास, पठ्ठ्या,” बब्रुवान म्हणाले.

“पण हे बघा.” त्यानं फोन फिरवला. मैदानावर माणसंच माणसं. नाचत होती, आणि जागोजागी वाकून गवताचे तुकडे उपटत होती. आठवण म्हणून घरी न्यायला. कुणी टोपीत घेतलं, कुणी पोराच्या हातात दिलं. गोलपोस्टाजवळ जमीन उघडी पडली होती, डुकरांनी उकरल्यासारखी.

“आवं, काय केलं हे,” विठाबाईंच्या तोंडून निघालं.

“आनंदानं नेतेत, माय. त्यांना काय म्हणावं?” फोन परत आपल्याकडं वळवून व्यंकट हसला. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. “वर्षभराचं रान. आता पुन्हा पेरायचं. जुलैपत्तर उभं करायला पायजे.” मग तो पडद्यातल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवू लागला. “सोनाली कुठंय?”

श्रीनाथनं फोन तिच्याकडं दिला. तिच्या बोटांना खवा चिकटला होता.

“तुमी दिसलात आज,” ती म्हणाली. “लई वेळ दिसलात.”

“व्हय? काय करायलो हुतो?”

“थापटत हुता.”

तो पुढं काहीतरी म्हणाला, पण ओठ अर्धवट उघडे राहून चित्र थांबलं. रेंज गेली. तिनं जरा वेळ वाट पाहिली आणि फोन पालथा करून ताटलीत ठेवला.

अंगणात पोरं पुन्हा नाचू लागली होती. बब्रुवान दाराशी जाऊन कुणाला तरी पुन्हा पहिल्यापासून गोल सांगत होते. विठाबाई देव्हाऱ्यातल्या दिव्याची वात सारत होत्या. त्यांची पाठ हलत होती. सोनालीनं कढई पुढं ओढली आणि तळाचा करपलेला थर खरवडू लागली.

भुवी येऊन तिच्या गुडघ्याला टेकली. तिनं अंगणातल्या काकाकडं पाहिलं, आजीच्या पाठीकडं पाहिलं, पालथ्या फोनकडं पाहिलं. मग खरवडीचा एक तुकडा तोंडात टाकून विचारलं,

“आई, आपण जिंकलो का हरलो?”