हेल्मेट हातात असलं की

आज गाडी येणार, असं तोंडाने मी कधीही कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. मी परवाना विभागातली निरीक्षक. फुटपाथवर कोण परवान्यापेक्षा जास्त जागा अडवून बसलंय ते बघायचं आणि मागोमाग माल उचलणारी गाडी आणायची, हे माझं काम.

पण माझं हेल्मेट बोलतं. कोपऱ्यावर स्कूटर लावून मी हेल्मेट डोक्यावर ठेवूनच चालत निघाले, तर नुसती चक्कर. हातात धरलं, तर मागे गाडी आहे. हे कधी आणि कसं ठरलं देव जाणे. हातात हेल्मेट दिसलं की अख्खी ओळ पोट आत घेतल्यासारखी सरकते, गाडी रिकामी परत जाते आणि साहेब म्हणतात, "तुमचा रस्ता फार शिस्तीत असतो हो!" मीही निर्लज्जासारखी हसते.

मंगळवारी गाडी ठरलेली होती. स्कूटर लावतेय तोवर जाऊबाईंचा फोन. या महिन्यात सासूबाईंना आपल्या घरी कोण घेऊन जाणार, यावरून आमची आधीच जुंपलेली. मी फोन हेल्मेटमध्ये कानाशी खुपसला आणि "दर वेळी माझीच पाळी कशी येते हो?" असं ओरडत चालत सुटले. भांडणात मुद्दा माझाच बरोबर होता, हे आजही सांगते. पण हेल्मेट डोक्यावरच राहिलं.

रफूवाले काका जिन्याच्या तोंडाशी बसतात. त्यांचा परवाना फुटपाथवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आतला, पण तिथे अंधार, म्हणून उजेडासाठी शिलाई मशीन पट्ट्याबाहेर ओढलेलं. त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळलं आणि पुन्हा कोटाच्या बाहीत डोकं घातलं. मला मेलीला तेव्हाही काही सुचलं नाही.

मागून गाडी आली. फळवाल्याने हातगाडी पिटाळली, मोजेवाल्याने चादरीची टोकं धरून गाठोडं केलं. लोखंडी पायांचं मशीन घेऊन म्हातारा माणूस कुठे पळणार? मी फोन ठेवून वळले, तेव्हा आमची माणसं ते गाडीत चढवत होती. थांबा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय कारण देणार होते मी? काका हातात तो कोट धरून उभे होते. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मी एक शब्दही न बोलता घरी आणलं, तर जाऊबाईच घाबरल्या. "तुला बरंबिरं नाही का गं?" म्हणून विचारायला लागल्या.

शुक्रवारी काका ऑफिसात आले. शेजारच्या टेबलावर साहेब होते. काकांनी परवाना माझ्यापुढे ठेवला.

"हा परत घ्या, बाई. जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"अहो, मशीन सोडवायला आलात ना? लगेच सोडते."

"सोडवून काय करू? डोळे गेले माझे." साहेबांकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही दाखवलंत, मलाच दिसलं नाही. मला ते डोक्यावरच दिसलं, बाई! एवढं ढळढळीत उलटं दिसायला लागल्यावर लोकांच्या चांगल्या कपड्यांना कशाला हात लावायचा? हातातली कामं कालच परत करून आलो."

मला लाज वाटली, इतकी की मान वर होईना. बिचारे माझीच बाजू सांभाळत होते, तीही कुजबुजत. परवान्यावर रद्दचा शिक्का मारला की विषय मिटला असता, कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं कशाला बोलू, शिक्का मी हातात घेतलाही होता.

"काका," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच, "हेल्मेट डोक्यावरच होतं."

साहेबांनी मान वर केली. "कसलं हेल्मेट?"

"सांगते, साहेब. सगळं सांगते."

काकांचं साहेबांकडे लक्षच नव्हतं. टेबलाची कड धरून ते माझ्याकडे वाकले.

"म्हणजे मला नीट दिसलं होतं?"

"अगदी नीट दिसलं होतं, काका. चुकले मी."

त्यांनी परवाना उचलला, घडी घालून खिशात ठेवला. मी शिक्का खाली ठेवला आणि साहेबांकडे वळले.